गरम करून वाढलेला आकडा

४ मे

आज मामांना आमच्या मत्स्यखात्याच्या ऑफिसच्या व्हरांड्यातून अहवालाशिवाय, रिकाम्या हाती परत जावं लागलं. तिकडे सरोवराकाठी किनारा समितीची माणसं वाळूवर ताटकळत बसलेली, मामा त्या समितीचे प्रमुख, आणि त्यांचा शिकलेला भाचा म्हणतो, "हिशोब अजून चाललाय, मामा." त्यांनी टोपी सारखी केली आणि सायकलवर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं तर दोष लॅपटॉपचा. मी अहवाल साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो, मध्ये मजकूर आणि मध्ये कोडचे तुकडे. पीडीएफ काढायला सांगितली की एकेक तुकडा चालतो, आकडा काढतो, आणि तो आकडा आपापल्या वाक्यात जाऊन बसतो. हाताने उतरवायचं काही नाही, म्हणून उतरवताना चूकही नाही. ही पद्धत ऑफिसात मी आणली. पण मुख्य तुकड्याला अख्खी दुपार लागते. आज एक स्वल्पविराम सुधारून पुन्हा पीडीएफ काढायला घेतली तर सगळं पहिल्यापासून सुरू झालं. निम्म्यात वीज गेली. बॅटरी कधीचीच मेलेली आहे.

६ मे

उपाय सापडला. इतका सोपा की इतके दिवस न सापडल्याची लाज वाटावी. कोडच्या तुकड्याच्या डोक्यावर दोन शब्द लिहायचे, बस. मग तुकडा एकदा चालला की उत्तर साठवून ठेवलं जातं. पुढच्या वेळी यंत्र कोडचा ठसा घेऊन पाहतं. ठसा तोच असेल तर पुन्हा हिशोब करत नाही, साठवलेलं उत्तर उचलून जागेवर ठेवतं. दुपारी एकदा पूर्ण चालवून घेतलं. नंतर सात-आठ वेळा मजकूर सुधारला आणि दर वेळी चहाचा घोट घेईपर्यंत पीडीएफ तयार.

घरी बायकोला, अबिबाला सांगितलं. म्हटलं, तू रविवारी घेवड्याचं कालवण करतेस आणि तीन दिवस गरम करून वाढतेस ना, तसंच. ती चुलीवर मक्याच्या पिठाची न्सिमा घोटत होती. म्हणाली, "कालवण चालतं हो. न्सिमा मात्र रोज ताजीच लागते." हिला प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायची सवय आहे.

७ मे

मामा आले आणि कागद तयार होता. शंभरात एक्केचाळीस. म्हणजे किनाऱ्यावर मोजलेल्या चाम्बो माशांत शंभरापैकी एक्केचाळीस वीतभराहून लहान, अजून पिल्लंच. समितीचा नियम आहे की तीनांत एकाहून जास्त पिल्लं असली तर ओढजाळी बंद. मामांना इंग्रजी फारसं वाचता येत नाही, म्हणून तारखेखाली आणि आकड्याखाली मी रेघ ओढून देतो.

"म्हणजे बंदच," मामा म्हणाले.

"बंदच."

"लोक मला शिव्या घालतील."

"मला घालायला सांगा."

"तुला का घालतील? तू पोरगा आहेस. शिव्या खायला समितीचा म्हातारा ठेवलाय." हसत हसत त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. मामांच्या टोपीत आजवर फक्त मशिदीतला वर्गणीचा कागद जायचा. त्यांनी मला शिकवलं, माझी फी भरली. आमच्यात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा, आणि या मामाने माझा शब्द डोक्यावर घेतला. बरं वाटलं.

१४ मे

ऑफिसातली लव्हनेस किनाऱ्यावर नमुन्यासाठी धरलेले मासे मोजते, बंदीतही, आणि फाइल माझ्याकडे पाठवते. ती दर आठवड्याला फाइलला नवं नाव द्यायची, मग मला कोडमध्ये नाव बदलावं लागायचं, आणि कोड बदललं की ठसा बदलणार, पुन्हा अख्खी दुपार. तिला सांगितलं, नाव एकच ठेव, नवी फाइल जुनीवरच टाक. कोडला हात लागता कामा नये.

"मग जुनी?"

"जुनी कशाला हवी?"

"आचिमवेने," ती म्हणाली. इकडे भाऊ म्हणायचा तो शब्द, पण तिच्या तोंडी कधी कधी तो टोमणा असतो. "तुमची पद्धत, तुम्हीच जाणा."

अहवाल केला. शंभरात एक्केचाळीस. किनारा बंद.

१९ मे

अबिबाने बाजारातून दोन चाम्बो आणले, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येतील एवढे. तळून, टोमॅटो घालून केले. खूप दिवसांनी असं जेवलो. सायकलवाल्याने आपल्याच किनाऱ्याचे म्हणून विकले म्हणे. मी म्हटलं, शक्यच नाही, आपल्या किनाऱ्यावर पिल्लं आहेत, हे पलीकडच्या बाजूचे असणार. ती म्हणाली, "असतील बाई. माशाच्या अंगावर कुठे लिहिलेलं असतं."

२१ मे

पुन्हा एक्केचाळीस. एक्केचाळीस पूर्णांक तीन, दशांशसुद्धा तोच. कुम्वेंडा मॅडमना दाखवलं. त्या आमच्या प्रमुख, उत्तरेकडच्या, कौतुक शब्द मोजून करतात. "स्थिर आहे," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, पद्धत पक्की असली की आकडा डगमगत नाही. हे वाक्य मला स्वतःलाच आवडलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२५ मे

असियातू कालेंबो ऑफिसात आली. किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं ओढजाळं तिचं, जाळं ओढायला माणसंही तिचीच. लुंगीसारखं चितेंजे कमरेला घट्ट बांधून ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. खुर्ची दिली तर घेतली नाही.

"भाच्या, माझी माणसं दुसऱ्या किनाऱ्यावर जायला लागलीत. जाळं सुकून कडक झालंय. मासे मोठे झालेत. मी हातात धरून पाहिलेत."

"हातात धरलेले दोन-चार, आमायी," मी म्हटलं. मोठ्या बाईला इकडे हाच शब्द, आई म्हणायचा. "आम्ही शेकड्यांनी मोजतो."

"मग तुझ्या कागदातले मासे वाढत नाहीत का रे?"

बाहेर बसलेले शिपाई हसले. मला राग आला, पण मी समजावून सांगितलं की डोळ्यांना जे दिसतं ते नमुना नसतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग उठली आणि चितेंजेला लागलेली धूळ झटकत म्हणाली, "तुझा मामा चांगला माणूस आहे. त्याच्यासाठी थांबलेय मी. तुझ्यासाठी नाही."

बाई बोलायला तिखट आहे. पण अडाणीपणा तो अडाणीपणाच.

३० मे

काल पहाटे असियातूने जाळं टाकलं. समितीने पकडलं.

नियम सगळ्यांना ठाऊक आहे. बंदीत टाकलेलं जाळं किनाऱ्यावर जाळायचं, आणि ते समितीच्या प्रमुखाने स्वतःच्या हाताने. त्याआधी शेवटचा अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा, म्हणजे कोणी म्हणायला नको की सूडाने जाळलं. मामांनी मला बोलावून घेतलं. मोठ्या अंजिराच्या झाडाखाली सगळं गाव जमलेलं. मामांनी टोपीतून कागद काढला, पण वाचायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, "हा ताजा आकडा ना?"

"होय मामा. परवाच काढलाय."

"तू मोजलंस?" हे असियातूने विचारलं.

मी म्हटलं, "यंत्राने मोजलं. यंत्र कोणाची बाजू घेत नाही."

मामांनी तारीख वाचली, आकडा वाचला आणि काडी ओढली. नायलॉनचं जाळं पेटतं कमी आणि वितळतं जास्त. काळा धूर येतो आणि वास घशात बसतो. असियातू रडली नाही. तिची माणसं रडली. मामांनी जळकी काडी बोटांत तशीच धरून ठेवली होती, विसरले असतील.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नियम म्हणजे नियम.

८ जून

काय लिहू?

कुम्वेंडा मॅडमना फलकावर लावायला एक चित्र हवं होतं, किती मासे किती लांबीचे ते दाखवणारं. मी त्याच फाइलमध्ये कोडचा एक नवा तुकडा लिहिला. चित्र आलं तर सगळे मासे उजवीकडे, मोठ्यांच्या बाजूला. पिल्लं डावीकडे थोडीशी, नावाला.

मी लव्हनेसवर धावून गेलो. काय पाठवलंस हे, पट्टी उलटी धरून मोजतेस का, असं सगळ्यांसमोर बोललो. ती मग माझ्या लॅपटॉपसमोर बसली, खालीवर पाहिलं आणि मुख्य तुकड्याच्या डोक्यावरच्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. सांगता सांगताच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ठसा कोडचा घेतला जातो. कोडमध्ये फाइलचं फक्त नाव आहे. फाइलच्या पोटात काय आहे हे यंत्र पाहतच नाही. आणि नाव बदलायचं नाही असा हुकूम मीच काढलेला. त्यामुळे ठसा तोच, आणि उत्तर तेच, ६ मेला साठवलेलं. त्यानंतर लव्हनेसने मोजलेला एकही मासा हिशोबात गेलेला नाही. अहवालाच्या माथ्यावरची तारीख मात्र दर वेळी नवी यायची, कारण त्या ओळीवर ते दोन शब्द नव्हते. वर नवी तारीख आणि खाली शिळा आकडा. दोन्हींखाली रेघ मी स्वतः ओढली.

शब्द पुसले आणि पुन्हा चालवलं. लॅपटॉप तापला, पंखा घरघरत राहिला. लव्हनेस उठून गेली नाही, मला ती गेलेली हवी होती. संध्याकाळी आकडा आला. शंभरात एकोणीस.

जुन्या फाइल पुसायला मी सांगितलं होतं. तिने पुसल्या नव्हत्या. "तुमची पद्धत तुमच्यापाशी," ती म्हणाली, "माझे मासे माझ्यापाशी." एकेक करून त्याही चालवायला लावल्या.

९ जून

असियातूने जाळं टाकलं त्याच्या आधीच्या आठवड्याचा खरा आकडा होता बावीस. किनारा उघडा असायला हवा होता. त्याच्याही आधीच्या आठवड्यात अठ्ठावीस. तेव्हाही उघडाच.

तिने गुन्हा केलाच नव्हता. "यंत्र कोणाची बाजू घेत नाही," असं मी म्हणालो होतो. ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. जेवलो नाही. अबिबाने विचारलं, पोट बिघडलंय का. हो म्हटलं.

१० जून

लव्हनेसला विचारलं, कोणाला सांगणार आहेस का.

"मी नाही सांगणार."

जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीही लाज वाटली.

"तुम्ही सांगणार आहात," ती पुढे म्हणाली आणि पट्टी घेऊन किनाऱ्यावर निघून गेली.

पण सांगायची गरज आहे का? या आठवड्याचा अहवाल एकोणीसचा जाईल. लोक म्हणतील, मासे वाढले. कोणाला काही कळणार नाही. जाळं तर परत येणार नाहीच. हे सगळं इथे लिहितोय, कारण ही वही मी एकटाच वाचतो, आणि तरीही लिहिताना मान वर होत नाही.

११ जून

मामा कागद न्यायला आले. शंभरात एकोणीस पाहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाहिलंस? धीर धरला म्हणून मासे मोठे झाले. आता मला त्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवता येईल. सांगेन, जाळलं ते उगाच नाही जाळलं."

मी तोंड उघडलं आणि "होय मामा" एवढंच बाहेर आलं.

१२ जून

किनारा उघडला. नमाज संपताच सगळे पाण्याकडे धावले. दक्षिणेकडून म्वेरा वारा सुटलेला, लाटा उंच, तरी एकूण एक होडी पाण्यात. मासे असे की दोरी ओढताना माणसं गात होती. असियातू अंजिराखाली उभी होती, जिथे वाळू अजून काळी आहे तिथे. तिची माणसं दुसऱ्यांची जाळी ओढत होती. मामा तिच्यापाशी गेले आणि काहीतरी बोलले. हेच बोलले असणार, की उगाच नाही जाळलं. तिने मान हलवली. मान्य केल्यासारखी हलवली.

ते माझ्याने पाहवलं नाही. तिने भांडायला हवं होतं.

१३ जून

सांगितलं.

सकाळीच मामांच्या घरी गेलो. ते अंगणात बसून आपलं जाळं दुरुस्त करत होते. मी लॅपटॉप उघडून दाखवायला लागलो तर म्हणाले, "ते मिटव. तोंडाने सांग." तोंडाने सांगितलं. कालवण आणि गरम करण्याचंही सांगितलं. ते जाळ्याची गाठ अर्धी धरून ऐकत होते.

"कागदावर तारीख नवी होती," ते म्हणाले.

"तारीख नवीच यायची, मामा."

"मी तुला विचारलं होतं. सगळ्यांसमोर."

"होय."

"आणि परवा? परवा तुला ठाऊक होतं?"

मी होय म्हटलं. मी काडी ओढली नव्हती, पण त्या एका "होय"ने मामांचं तोंड जे झालं ते मला मरेपर्यंत दिसत राहील. चूक त्यांनी गिळली असती. चूक कळल्यावर मी त्यांना तिच्यासमोर तसंच जाऊ दिलं, ते त्यांना गिळता आलं नाही.

त्यांनी हातातली गाठ पूर्ण केली. मग जाळं गुंडाळायला लागले. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "राहू दे." एकट्यानेच खांद्यावर घेऊन निघाले. मी मागून चालत गेलो. वाटेत लोक विचारत होते, कुठे निघालात, आणि मामा उत्तर देत नव्हते. मामांनी उत्तर दिलं नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

असियातूच्या दारात त्यांनी जाळं ठेवलं. म्हणाले, "आमायी, माझ्याकडून खोटं वाचलं गेलं. समितीतून मी उतरतोय. हे तुझं."

तिने जाळ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. "तू वाचलंस. लिहिलं कोणी?"

मी पुढे झालो. शेजारपाजारचे जमले होते. मी यंत्र, ठसा, फाइलचं नाव असं सांगायला लागलो. तिने हात वर केला.

"ते असू दे. मला समजेल असं एक वाक्य बोल."

"तुमचं जाळं मी जाळलं," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. शिवी कोणी दिली असती तर बरं झालं असतं. तिने आपल्या माणसांना जाळं आत न्यायला सांगितलं आणि मामांसाठी चटई टाकली. माझ्यासाठी नाही टाकली. मी उभाच होतो, मग निघालो.

१५ जून

कुम्वेंडा मॅडमना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "स्थिर आहे असं मीही म्हटलं होतं," एवढंच म्हणाल्या. किनाऱ्यावरच्या सगळ्या अहवालांवर दुरुस्ती लावायला सांगितली, माझ्या नावासकट. नाव माझंच हवं, हे बरोबरच आहे.

लव्हनेसची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण ओरडलोही सगळ्यांसमोर होतो. ती म्हणाली, "त्या तुकड्याला फाइलचाही ठसा द्या. मासे बदलले की उत्तर आपोआप शिळं ठरेल." बरोबर आहे. तसं करता येतं, आधीही करता आलं असतं. वाचायला पाच मिनिटं लागली असती.

२३ जून

समितीने नवी प्रमुख निवडली, असियातू कालेंबो. मामांनीच नाव सुचवलं म्हणे. ते माझ्याशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसले तर सलामाला उत्तर देतात, तेवढंच. अबिबा म्हणते, वेळ जाऊ दे. तिला वाटतं ते रागावलेत. राग असता तर बरं. त्यांना माझी लाज वाटते. त्यांच्या बहिणीचा मुलगा आहे मी.

२५ जून

आज गुरुवार, अहवालाचा दिवस. फाइलचा ठसा आता जोडलाय आणि तपासूनही पाहिलाय. तरी ते दोन शब्द मी पुसून टाकले. सगळं पहिल्यापासून चालवायचं. त्याची गरज नाही हे मला कळतं, पण साठवलेलं उत्तर उचलून ठेवताना बघवत नाही.

चालवायला घेतलं आणि व्हरांड्यात सायकल टेकल्याचा आवाज आला. मामा. मी उठून उभा राहिलो.

"तिने पाठवलंय," मामा म्हणाले. "म्हणाली, जाऊन बघून या, भाच्याने मोजलंय की गरम करून वाढलंय." कालवणाचं त्यांनीच तिला सांगितलं असणार.

"वेळ लागेल, मामा. दुपार जाईल."

ते आत आले. खुर्ची ओढून लॅपटॉपच्या समोर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पडद्यावर बघण्यासारखं काहीच नसतं, तरी बघत राहिले. पहाऱ्यालाच बसले होते. तेवढंच आता माझ्या वाट्याला यायचं. लव्हनेसने पेजेसारखा गोड थोबवा आणून दिला, त्यांनी अर्धा पेला प्यायला आणि उरलेला माझ्याकडे सरकवला. पेला एकच होता म्हणून असेल. खिशातून भाजलेलं कणीस काढलं, मोडलं, एक तुकडा माझ्या कागदांवर ठेवला. दुपारची वेळ, एकट्याने खाणं बरं दिसलं नसतं.

निम्म्यावर वीज गेली. पडदा काळा झाला. मी म्हटलं, "मामा, आता वीज आली की पुन्हा पहिल्यापासून लागेल. तुम्ही घरी जा. आकडा आला की मी सायकलवर आणून देतो. खरा आणून देतो."

मामा उठले नाहीत. टोपी गुडघ्यावरून उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"लाव पहिल्यापासून," ते म्हणाले. "मी बसलोय."